कॉमन प्लॉटचं कुलूप आणि आमचं नेतृत्व शिबिर

मुलांच्या अंगी नेतृत्वगुण आणायचे हे माझ्या मनात आलं ते दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीवर. बडोद्यात अलकापुरीतल्या त्या दवाखान्याच्या खिडकीतून समोरच्या इमारतीवरचा फलक दिसत होता : ‘उद्याचे लीडर्स! इयत्ता सहावी ते आठवी. फक्त पाच दिवसांत!’ रेल्वेच्या ऑफिसात मला नुसता हेडक्लार्क व्हायला चौदा वर्षं लागली होती, आणि इथे पाच दिवसांत पुढारी! डॉक्टर दाढेत काहीतरी कोरत होते, त्यामुळे जागच्या जागी निषेध नोंदवता आला नाही. पण खुर्चीवरून उतरलो तो निश्चय करूनच. हे काम आपणच करायचं, आपल्या सोसायटीत करायचं आणि फुकट करायचं.

आमची सोसायटी तरसालीत. बत्तीस टेनामेंट, म्हणजे ओळीने लागून असलेली स्वतंत्र घरं, मधोमध एक कॉमन प्लॉट, म्हणजे सगळ्यांची सामाईक मोकळी जागा, आणि गेली अकरा वर्षं मी सेक्रेटरी. गुजरातीत सेक्रेटरीला ‘मंत्री’ म्हणतात. आम्हा पोतनीसांच्या घराण्यात पूर्वी कुणीकुणी बडोदे सरकारात खर्डेघाशी केली असेल, पण मंत्री झालेला मीच पहिला. त्यामुळे पुढारी घडवण्याचा अधिकार माझ्याइतका दुसऱ्या कुणाला असेल असं मला वाटत नव्हतं.

“तुम्ही नेतृत्व शिकवणार?” आमच्या सौभाग्यवती, नलिनीबाई, आंबे पिळता पिळता म्हणाल्या. “आज भाजी कुठली करू विचारलं तर ‘काहीही कर’ म्हणता.”

“त्याला अधिकारांचं विकेंद्रीकरण म्हणतात,” मी म्हणालो. तिच्या हातातला आंबा जरा जोरात पिळला गेला.

सोसायटीत बातमी पसरली आणि सल्ल्यांचा ओघ सुरू झाला. सोसायटीचे प्रमुख जशुभाई, मकरपुऱ्यात त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे, ते म्हणाले, “पोतनीससाहेब, पहेलां नास्तो नक्की करो. नास्तो सारो हशे तो लीडर एनी मेळे आवशे.” म्हणजे खाण्याची सोय बघा, पुढारी आपोआप जमतील. देशाच्या इतिहासाकडे पाहता यात तथ्य नव्हतं असं नाही. शेजारच्या हंसाबेन आपल्या नातवाला, हेतला, घेऊन आल्या. “भाई, बहु बोले छे आ छोकरो. लीडर पछी बनावजो, पहेलां एने चूप रहेतां शिखवाडो.” म्हणजे पुढारी नंतर करा, आधी पोराला गप्प बसायला शिकवा. नंदेसरीच्या केमिकल फॅक्टरीत शिफ्टमध्ये काम करणारे जनार्दनराव घोरपडे डोळे चोळत दारात उभे राहिले. “काका, शिबिर कसलंही असू दे, पण दुपारी दोन ते पाच ठेवा. कौमुदी घरात असली की पळत असते. मला झोप मिळत नाही.”

कौमुदी त्यांच्या मागे उभी होती. सातवीतून आठवीत गेलेली, गुडघ्यांवर खरचटल्याच्या खुणा, आणि उभी असतानाही एक पाय उचललेला. मी तिचं नाव यादीत घेतलं. एकूण आठ मुलं झाली.

आता जागा. एवढा मोठा कॉमन प्लॉट समोर होता, पण त्याला कुलूप. नऊ वर्षांपूर्वी माझ्याच पुढाकाराने ठराव क्रमांक सतरा मंजूर झाला होता, ‘कॉमन प्लॉटवर मुलांना खेळण्यास कायमस्वरूपी मनाई.’ लग्न, नवरात्र, सोसायटीची सभा आणि उन्हाळ्यात हंसाबेनचे खिचियाचे, म्हणजे तांदळाच्या उकडीचे, पापड, एवढ्यापुरतंच ते कुलूप निघायचं. पापडांसाठी मी खास मंजुरी देऊन एक किल्ली त्यांना दिलेली होती. शिबिरासाठी प्लॉट हवा तर सेक्रेटरीकडे अर्ज करणं भाग होतं. मी जेवणाच्या टेबलावर बसून रीतसर अर्ज लिहिला, तो उचलून माझ्या लिहिण्याच्या टेबलावर नेला, सेक्रेटरीच्या भूमिकेतून दोनदा वाचला, आणि ‘प्रयोजन संदिग्ध, ठराव सतराशी विसंगत’ असा शेरा मारून नामंजूर केला. तुम्हाला हसू येईल. पण उद्या कुणी म्हणायला नको की मंत्र्याने स्वतःची कामं आधी करून घेतली. शिबिर आमच्या ओट्यावर भरवायचं ठरलं.

पहिला दिवस भाषणाचा. आपण मराठी माणसं नेतृत्व म्हटलं की आधी टेबल, मग त्यावर पाण्याचा तांब्या आणि मग त्याच्यामागे बोलणारा माणूस अशी कल्पना करतो. मीही केली. प्रत्येकाने दोन मिनिटं बोलायचं होतं. हेत ‘पाणी वाचवा’ या विषयावर तेवीस मिनिटं बोलला आणि तेवढ्यात तांब्यातलं सगळं पाणी प्यायला. पलीकडच्या गल्लीतला यशराज नमस्कार करून उभा राहिला तो उभाच राहिला. कौमुदीने एका वाक्यात भाषण संपवलं, “मला खेळायला आवडतं, आणि जागा नाही.” मी तिला म्हणालो की विषयाचा विस्तार करावा. ती म्हणाली, “आजोबा, विस्तार करायलाच तर जागा पाहिजे.”

दुसऱ्या दिवशी मी माझं हुकमी पान काढलं. सभा कशी घ्यावी, कार्यसूची म्हणजे काय, गणपूर्ती, इतिवृत्त, अर्ज तीन प्रतींत कसा करावा, आवक क्रमांक का मागून घ्यावा. चौतीस वर्षांच्या नोकरीचं सार मी त्या लेकरांच्या ओंजळीत ओतलं. ती इतकी मन लावून ऐकत होती की मी परिशिष्टंसुद्धा सांगून टाकली. त्यांच्या डोळ्यांतली ती चमक कसली होती हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

तिसऱ्या दिवशी प्रत्येकाने आपलं ध्येय कागदावर लिहायचं होतं. कुणी कंपनीचा मालक होणार होता, कुणी अंतराळात जाणार होती. कौमुदीच्या कागदावर होतं, ‘कॉमन प्लॉटचं कुलूप काढायचं. जूनमध्ये शाळेच्या खो-खो संघाची निवड आहे. मागच्या वर्षी मी शेवटच्या फेरीत गळाले, कारण खो मिळाल्यावर मला उठायला उशीर होतो. सराव नाही. आठवीनंतर घेत नाहीत.’

“ध्येय कसं मोठं असावं,” मी म्हणालो. “कलेक्टर व्हायचं, असं काहीतरी.”

“कलेक्टर झाले तर कुलूप निघेल?”

मी प्रामाणिक माणूस आहे. “नाही,” मी म्हणालो. “कलेक्टरांनाही सोसायटीकडे अर्ज करावा लागेल.”

“मग आत्ताच करते,” ती म्हणाली.

त्याच संध्याकाळी मुलांनी सभा भरवली. गणपूर्ती झाली, कार्यसूची वाचली गेली आणि कौमुदीचं ध्येय हाच शिबिराचा प्रकल्प असा ठराव सात विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला. हेत बोलत असल्यामुळे त्याचं मत राहून गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता आठही जण माझ्या दारात, हातात तीन प्रतींतला अर्ज. “आवक क्रमांक द्या, दादा,” हेत म्हणाला. गुजरातीत आजोबांना दादा म्हणतात. मी दिला. न देऊन सांगतो कुणाला, मीच शिकवलं होतं. अर्जावर पालकांच्या सह्या नाहीत म्हणून मी तो परत केला. अकराच्या आत सह्या आल्या. पापडांचं काय, असा मी दुसरा आक्षेप काढला. त्यावर मुलं हंसाबेनकडे गेली. रोज पाच वाजता पापड उचलून, खाटा आत नेऊन, प्लॉट झाडून द्यायचा या अटीवर त्यांचं ना-हरकत पत्र घेऊन आली. पत्राला तेलाचा डाग होता, म्हणजे पत्र अस्सल होतं.

मग त्यांनी ठराव सतराची नक्कल मागितली. ती मात्र मी घडी घालून दिली. त्यात कारण लिहिलेलं होतं, ‘प्लॉटवर खेळणाऱ्या मुलांची धडक बसून सौ. नलिनी पोतनीस यांच्या मनगटाचे हाड मोडल्यामुळे.’

कौमुदीने ते वाचलं. माझ्याकडे पाहिलं. आणि दुपारी आमच्या स्वयंपाकघरात चौकशी समिती बसली. मी आत जाऊ लागलो तर यशराजने, ज्याच्या तोंडून पहिल्या दिवशी शब्द फुटत नव्हता त्या यशराजने, मला दारात अडवलं. “आजोबा, तुम्ही संबंधित पक्ष आहात. हॉलमध्ये थांबा.” माझं घर, माझं स्वयंपाकघर, माझा आमरस, आणि मी हॉलमध्ये! आतून वाट्यांचे आवाज येत होते. मग बराच वेळ नलिनीचा हलका आवाज, मग मुलांचं हसणं. तासाभराने समिती आमरसाच्या मिशा पुसत बाहेर पडली.

“काय विचारलं गं त्यांनी?” मी रात्रीचं जेवण वाढून घेताना विचारलं.

“चौकशी गोपनीय आहे,” ती म्हणाली.

विषय सर्वसाधारण सभेपुढे ठेवणं आता टळत नव्हतं. सभा रविवारी सकाळी होती. शनिवारी संध्याकाळी कौमुदी एकटीच आली. ओट्यावरच्या झोपाळ्यावर बसली आणि पायाने जमीन टोकरत राहिली.

“आजोबा, सभेत फक्त सभासद बोलू शकतात. पप्पांची उद्या शिफ्ट आहे. आमचा अर्ज तुम्ही मांडाल?”

“अगं, ठराव सतरा माझा! मीच त्याच्याविरुद्ध कसा बोलू? जशुभाईंना सांग.”

“जशुदादा लगेच हो म्हणाले. ते सगळ्यांनाच हो म्हणतात.” तिने पायाने झोपाळा थांबवला. “तुम्ही हो म्हणालात तर ते खरं असतं.”

या वाक्यापुढे काय बोलायचं असतं हे कुठल्याही नियमावलीत नाही. अर्ज मांडतो, पण सेक्रेटरी म्हणून विरोधही मीच करेन, असं मी बजावलं. तिला ते चालणार होतं. जाताना ती म्हणाली, “मागच्या वर्षी यादीत नाव नव्हतं तेव्हा मी घरी काही सांगितलंच नाही. पप्पा रात्रपाळीहून आले होते.” आणि उड्या मारत गेली.

सभा कॉमन प्लॉटवरच भरली, कारण सभांना मनाई नव्हती. मुलं कुंपणाबाहेर ओळीने उभी. मी उभा राहून मुलांच्या वतीने अर्ज वाचला, चांगला वाचला. मग खाली बसलो, पुन्हा उठलो आणि सेक्रेटरी म्हणून विरोधाचं भाषण सुरू केलं. जशुभाई म्हणाले, “साहेब, तमे एक बाजू नक्की करो ने!” लोक हसले. मी दुर्लक्ष केलं. नऊ वर्षांपूर्वीच्या दुर्दैवी घटनेपर्यंत मी आलो तेवढ्यात मागून आवाज आला, “मला बोलायचंय.”

नलिनी उभी होती. सभांना ती कधी येत नाही. पण आमचं टेनामेंट तिच्या नावावर आहे, त्यामुळे खरी सभासद तीच, मी नुसता सहसभासद. हा मुद्दा अकरा वर्षांत कुणी काढला नव्हता.

ती म्हणाली, मुलांची धडक बसली नव्हती. त्या संध्याकाळी मुलांना खो-खोत एक गडी कमी पडत होता, म्हणून ती स्वतःच बसली. शाळेत असताना ती संघात होती. त्रेपन्नाव्या वर्षी पदर खोचून पळाली, खांबाशी वळताना पाय घसरला आणि हातावर पडली. हे, म्हणजे मी, धावत आले, भोवती मुलं पाहिली आणि मुलांनीच पाडलं असं ठरवून टाकलं. हाडांच्या डॉक्टरकडे प्लास्टर घालत असताना ती दोनदा सांगायला गेली, पण हे मांडीवर वही ठेवून ठरावाचा मसुदा लिहीत होते.

“अगं, मग नंतर का नाही सांगितलंस?” सभेचं भान सोडून मी विचारलं.

“कसं सांगणार? सहा आठवडे तुम्ही माझी वेणी घालत होतात. रोज वेडीवाकडी व्हायची, रोज सोडून परत घालायचात. इतके घाबरलेले मी तुम्हाला कधी पाहिलं नव्हतं. म्हटलं, कुलपाने यांची भीती जात असेल तर राहू दे कुलूप.” ती कुंपणाकडे वळली. “पण ही मुलगी परवा मला विचारत होती, आजी, तुम्ही परत कधीच नाही का पळालात? आणि मला उत्तर देता येईना.”

हे सगळं ती गुजरातीत बोलली. मराठीत बोलली असती तर निदान वीस घरांपासून माझी अब्रू वाचली असती. आता बत्तीसच्या बत्तीस टेनामेंटांना कळलं की मंत्री वेण्या घालतात. हंसाबेनने पदराने डोळे पुसले आणि त्याच पदराआडून नवऱ्याकडे असं काही पाहिलं की तो बिचारा खुर्चीत खाली सरकला.

मला राग यायला हवा होता. नऊ वर्षं एका न घडलेल्या धडकेवर मी कुलूप घालून बसलो होतो आणि एकदाही नीट विचारलं नव्हतं. पण खरं सांगतो, मला तेव्हा फक्त तो दिवस आठवला. ती मातीत बसली होती, हात विचित्र वळला होता, आणि मला वाटलं होतं, ही गेली तर मी काय करू. ठराव सतरा त्या भीतीने लिहिला होता, पोतनीसांच्या अक्षरात एवढंच. मी वही उघडली. “ज्याने ठराव मांडला त्याला तो मागे घेता येतो,” मी म्हणालो. “मी मागे घेतो.”

कुंपणाबाहेर जो गलका झाला त्यात इतिवृत्त लिहायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवसापासून प्लॉटवर खो-खो सुरू झाला. पाच वाजता पापड आत जायचे, सव्वापाचला चुन्याची रेघ पडायची. नलिनी कडेला ठेवून घेतलेल्या एका खाटेवर बसून शिकवायची. “टाच उचललेली ठेव, कौमुदी. डोळे पुढे, कान मागे. खो ऐकल्यावर विचार करायचा नाही, उठायचं.” तिने पळायचं नाही असं मी वचन मागितलं होतं. ती ‘बघू’ म्हणाली होती. मी रोज शिट्टी, बँडेज आणि मलमाची पेटी घेऊन फाटकाशी उभा राहायचो. पुढारी घडवायला निघालेला माणूस कंपाउंडर झाला, असं जशुभाई येता-जाता म्हणायचे, आणि थांबून नास्ता खाऊन जायचे.

जूनमध्ये शाळा उघडली. निवडीच्या दिवशी मी उगाच चारदा कोपऱ्यापर्यंत जाऊन आलो. साडेपाचला कौमुदी दिसली. चालत येत होती. ही मुलगी चालतेय म्हणजे झालं सगळं, असं वाटून मी मलमाची पेटी मिटून टाकली. तिने फाटक लोटलं, थेट नलिनीपाशी गेली आणि म्हणाली, “आजी, घेतलं. राखीव आहे, बाराव्या नंबरवर. पण घेतलं.” आणि खाटेवर नलिनीच्या मांडीत तोंड घालून मोठ्याने रडायला लागली. जनार्दनराव झोपेतून उठून बनियनवरच धावत आले. काय झालं ते कळेना म्हणून तेही रडायला लागले.

रडणं संपल्यावर खेळ सुरू व्हायला हवाच होता. मुलं ओळीत बसली, एक आड एक, उलट्या दिशांना तोंड करून. नलिनी खाटेवरून उठली. तिने कुणाला विचारलं नाही, अर्ज केला नाही. पदर खोचला, चपला काढून माझ्या हातात दिल्या, चष्मा काढून माझ्या खिशात घातला आणि ओळीतली एक जागा पाहून एक गुडघा टेकून बसली. माझ्या तोंडात शिट्टी होती. ती फुंकली असती तर खेळ थांबला असता. नऊ वर्षांपूर्वी मी तेच केलं असतं. नलिनीने मान वळवून माझ्याकडे एकदाच पाहिलं. चष्म्याशिवाय तिला मी नीट दिसतही नसेन.

कौमुदी खांबाला वळसा घालून आली, पुढे पळणारा यशराज हातून निसटताच नलिनीच्या पाठीवर हात मारून ओरडली, “खो!”

ती उठली. बासष्ट वर्षांची माझी बायको एका झटक्यात उठली आणि मातीतून पळत सुटली. माझ्या तोंडातली शिट्टी कधी पडली कळलं नाही. दोन्ही हातांत तिच्या चपला उंच धरून, बत्तीसही टेनामेंटांना ऐकू जाईल अशा आवाजात मी ओरडत होतो, “पळ, नलू! पळ!”